क्रॉसओव्हरचं ॲव्हरेज पडलंय? इंजिनला दोष देण्याआधी या चुका टाळा

क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्या सांगाड्यावरची एसयूव्हीसारखी उंच गाडी, घेताना कागदावर लिटरला १७-१८ किमीचा आकडा असतो. महिनाभर पुण्यात फिरवली की डॅशबोर्डवर १०.४ दिसतं आणि मग सुरू होते धावाधाव: कुणी पेट्रोल भरायचा पंप बदलतो, कुणी प्रीमियम पेट्रोल भरतो, कुणी सर्व्हिस सेंटरच्या बिलात ‘इंजेक्टर क्लीनिंग’ची ओळ वाढवून घेतो. हे सगळं उलट्या टोकाने चालतं. ॲव्हरेजच्या तक्रारीत पहिली चूक बहुतेकदा मोजण्यात असते, दुसरी चाकांत, तिसरी उजव्या पायात. इंजिन सगळ्यात शेवटी.

कागदावरच्या आकड्याशी तुलना करणं

गाड्यांची अधिकृत चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्या कोथरूडला, वेताळ टेकडीवरच आहे. पण ‘एआरएआय मायलेज’ पौड रोडवर गाडी चालवून काढत नाहीत. गाडी रोलरवर उभी करून साधारण २० मिनिटांचं ठरलेलं चक्र चालवतात. त्यात वेग ९० च्या वर जात नाही, पिकअप अगदी हळू असतो आणि एसी बंद असतो. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा चांगला. तुमच्या खर्चाचा अंदाज बांधायला मात्र निकामी.

शहरात काय होतं ते आकड्यांतच बघा. कोथरूड ते खराडी साधारण १८ किमी धरा. चालती गाडी लिटरला १४ देत असेल तर १.२९ लिटर लागलं. पण त्या तासाभरात सिग्नलला आणि कोंडीत मिळून २० मिनिटं गाडी एसी लावून उभी असेल, तर तासाला एक लिटर या हिशेबाने आणखी ०.३३ लिटर जळलं. एकूण १.६२, म्हणजे ॲव्हरेज ११.१. गाडीत काहीही बिघाड नसताना! पेट्रोल ऑटोमॅटिक क्रॉसओव्हरने पुण्याच्या गर्दीत ९ ते १२ दिलं तर ते नॉर्मल समजा. मधूनमधून नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडचा हिशेब वेगळा, तिला उलट गर्दीच मानवते.

हजाराचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज काढणं

डॅशबोर्डचा आकडा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) किती वेळ उघडा राहिला त्यावरून काढलेला अंदाज असतो आणि बहुतेक गाड्यांत तो थोडा जास्तच दाखवतो. खरा आकडा टाकी ते टाकी पद्धतीनेच मिळतो:

१. पहिल्या ऑटो-कटला नोझल थांबली की भरणं बंद. ट्रिप मीटर शून्य करा.
२. टाकी पाव राहीपर्यंत गाडी वापरा.
३. त्याच पंपावर, शक्य तर त्याच मशीनवर, गाडी त्याच बाजूला उभी करून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा.
४. झालेले किमी भागिले भरलेले लिटर. ४१२ किमी आणि ३४.६ लिटर म्हणजे ११.९.

ऑटो-कट दर वेळी अचूक त्याच पातळीला होत नाही, लिटर-दीड लिटर मागेपुढे होतं. १५ लिटरच्या भरण्यात दीड लिटरची चूक म्हणजे सरळ १० टक्के. ४० लिटरमध्ये तीच चूक ४ टक्क्यांच्या आत येते. म्हणून भरणं मोठं हवं आणि निदान तीन टाक्यांची सरासरी हवी.

कट झाल्यावर ‘अजून पन्नासचं बसेल, राउंड फिगर करा’ ही सवय सोडाच. वर कोंबलेलं पेट्रोल टाकीच्या वाफा शोषणाऱ्या चारकोल कॅनिस्टरमध्ये शिरतं. तो खराब झाला की टाकी भरल्यावर गाडी स्टार्टिंगला त्रास देते, मिश्रण बिघडतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पन्नास रुपयांसाठी हजारोंचा सुटा भाग.

पंपाबद्दल शंका असेल तर वाद घालू नका, पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो.

खास पुणेकरांची एक फसगत वेगळीच आहे. मुंबईला जाताना गाडी १८ देते, येताना १५, आणि खापर फुटतं पनवेलला भरलेल्या पेट्रोलवर. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. माणसं-सामानासकट दीड टनाची गाडी तेवढी वर चढवायला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जादा लागतंच. एका बाजूच्या आकड्याला काही अर्थ नाही, जाऊन-येऊन मोजा.

हवा गरम टायरमध्ये चेक करणं

ऑफिसहून घरी येताना पंपावर हवा चेक केली, ३६ पीएसआय निघाली, ‘जास्त आहे’ म्हणून ३३ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २९-३० वर असतो. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब ३-४ पीएसआयने वाढतो. गाडीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे निदान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा. तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मिळतो. दोघं बसले असताना एक, पाच जण आणि भरलेली डिकी असताना दुसरा. टायरच्या बाजूवर छापलेला दाब ही टायरची कमाल मर्यादा असते, ती भरायची नसते.

घरी पाचशे-हजाराचा डिजिटल गेज ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा सकाळी बघा. मे महिन्यात दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे बरीच उतरलेली असते. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब एक-दीड पीएसआयने कमी होतो. नायट्रोजनने हे टळत नाही. त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन-तीन पीएसआयने ॲव्हरेजमध्ये एखादा टक्काही पडत नाही. पण सात-आठ पीएसआय कमी असलेला टायर आणि बिघडलेलं अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत नसणं) एकत्र आलं की फरक जाणवतो, आणि टायर कडेने झिजतात तो तोटा पेट्रोलपेक्षा मोठा. आपले गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे पाहता दर १०,००० किमीला अलाइनमेंट करावंच. जोराचा खड्डा बसला आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहायला लागलं, तर लगेच.

रुंद टायर टाकून ॲव्हरेज गेलं म्हणणं

२०५/६५ आर१६ मापाचे टायर काढून २१५/६५ आर१६ टाकले की गाडी भारदस्त दिसते हे खरं. पण टायरचा व्यास ६७३ मिमीवरून ६८६ मिमी होतो, म्हणजे जवळपास २ टक्के मोठा. गाडी १०२ किमी चालते आणि मीटर १०० मोजतो. शिवाय टायर जड, त्याचा रस्त्याशी विरोध जास्त. थोडं ॲव्हरेज खरंच जातं, थोडं फक्त मीटरवर. दोन्ही एकत्र बघून लोक इंजिन उघडायला निघतात.

अडकणारा ब्रेक न तपासणं

पावसाळ्यानंतर ॲव्हरेज एकदम दीड-दोनने पडलं असेल तर पहिला संशय इथे घ्या. पाणी आणि चिखलाने कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) सरकणाऱ्या पिना जाम होतात. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. मागच्या ड्रमला हँडब्रेकची केबल पूर्ण परत येत नाही, हाही तसलाच प्रकार.

मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किमी कमीत कमी ब्रेक मारत चालवा, थांबा, आणि चारही रिमजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं असेल तर चोर सापडला. गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेऊन ते चाक हाताने फिरवून खात्री करता येते. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. साधं चॅसिस ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. मजुरीचं काम आहे, भाग क्वचितच बदलावा लागतो.

घाटात न्यूट्रल करणं

ही चूक पैशांची नाही, जिवाची आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी काय केलंय ते पुण्यात कुणाला सांगायला नको. आणि गंमत म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत न्यूट्रलने इंधन वाचतही नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनला फिरवतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजेक्टर पूर्ण बंद करतो. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) १२००-१५०० च्या आसपास येईपर्यंत वापर शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनला चालू ठेवायला पुन्हा इंधन द्यावं लागतं. न्यूट्रलची बचत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली समजूत आहे, ती त्या गाड्यांबरोबरच जायला हवी होती.

खंडाळ्याच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर मॅन्युअलला तिसरा किंवा दुसरा गिअर ठेवा, ऑटोमॅटिकला पॅडलने, एम मोडने किंवा एलने गिअर खाली घ्या. ब्रेकही थंड राहतात.

एक्स्प्रेसवेवर क्रॉसओव्हर सेडानसारखी हाकणं

क्रॉसओव्हर उंच आणि रुंद, त्यामुळे हवेला भिडणारा समोरचा पृष्ठभाग सेडानपेक्षा मोठा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० ला गेलात तर ५६ टक्के जास्त, १०० वरून १२० ला गेलात तर आणखी ४४ टक्के. सपाट भागात कारची मर्यादा १०० आहेच. ९० ला क्रूझ (वेग आपोआप टिकवणारी सोय) लावून बघा. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत पाच मिनिटंही जास्त लागत नाहीत, आणि ॲव्हरेजमधला फरक एकाच फेरीत दिसतो. घाट चढताना मात्र क्रूझ काढा, वेग टिकवायच्या नादात ते नको तितकी रेस देतं.

टपावरचं रिकामं कॅरिअर हाही हवेचाच मामला. दिवाळीत कोकणात जाताना लावलेलं होळीपर्यंत तसंच राहतं! दोन बोल्ट सोडायचा कंटाळा दर टाकीला पैसे खातो.

छोट्या टर्बो पेट्रोलवाल्यांनी पाय आणखी हलका ठेवावा. १.० किंवा १.२ लिटरची टर्बो हळू चालवली तर छान देते, पण प्रत्येक सिग्नलला उसळी मारली की टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून जादा पेट्रोल. याचा अर्थ पन्नासला सहावा गिअर टाकून इंजिन गुरगुरवत नेणं असाही नाही. साधारण २००० ते २५०० आरपीएमला गिअर बदला. पुढे लाल दिवा दिसला की आधीच पाय काढा. शेवटच्या क्षणी ब्रेक मारणारा माणूस विकत घेतलेला वेग उष्णता करून उडवत असतो.

स्टार्ट-स्टॉप कायम बंद ठेवणं

स्टार्ट-स्टॉप म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय. नळस्टॉप किंवा विद्यापीठ चौकात ९० सेकंदांचा सिग्नल असताना इंजिन चालू ठेवण्यात शहाणपण नाही. तीस सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असाल तर बंद केलेलं बरं. बॅटरी बदलताना एक काळजी घ्या: स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला वारंवार स्टार्टिंग सोसणारी ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते. साधी बॅटरी स्वस्त म्हणून बसवली की काही महिन्यांत सिस्टीम गपचूप काम करणं थांबवते.

जाड ऑइल आणि बाकीची औषधं

०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशा पातळ श्रेणीचं ऑइल सांगितलेल्या इंजिनात ‘आपल्याकडच्या उन्हाला जाडच बरं’ म्हणून १५डब्ल्यू-४० ओतणारे मेकॅनिक अजून आहेत. त्याने घर्षण वाढतं आणि सकाळच्या थंड स्टार्टला ऑइल उशिरा पोहोचतं. मॅन्युअलमधलीच श्रेणी टाका. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला प्रीमियम पेट्रोलने ॲव्हरेज वाढत नाही. आणि मळका एअर फिल्टर? आजच्या पेट्रोल इंजिनात तो पिकअप घटवतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम करत नाही. वेळेवर बदलावा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा परिणाम खरा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये ६-७ टक्के ऊर्जा कमी भरते, आधीच्या ई१० च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. बाराचं ॲव्हरेज साडेअकरा झालं तर हे कारण पुरतं. नऊ झालं तर दुसरं काहीतरी आहे.

डिझेलमध्ये रीजनरेशन अर्धवट तोडणं

बीएस६ डिझेल रोज चार किमी शाळा-भाजी करत असेल तर डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी साचते. ती जाळायला गाडी मधूनच जादा डिझेल टाकते, हेच रीजनरेशन. उभ्या गाडीचा आरपीएम ८०० वरून हजाराकडे गेलाय, पंखा जोरात फिरतोय, स्टार्ट-स्टॉप बंद पडलंय, अशा वेळी पार्किंगमध्ये गाडी बंद केली की ते काम अर्धं राहतं आणि पुढच्या फेरीला पुन्हा सुरू होतं. त्या कामाचं डिझेल पुन्हा जातंच, शिवाय न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली तर ऑइल लवकर बदला. आठवड्यातून एकदा बायपासला १५-२० मिनिटं, साठच्या वर, आरपीएम दोन हजारांच्या आसपास ठेवून न थांबता चालवा.

आणि मग इंजिन

वरचं सगळं तपासूनही तीन टाक्यांची सरासरी नेहमीच्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावा. दोन आकडे बघा. पहिला कूलंटचं तापमान: दहा-बारा मिनिटं चालवून ते ८०-८५ च्या वर जात नसेल आणि मोकळ्या रस्त्यावर खाली घसरत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) उघडाच अडकलाय. इंजिन स्वतःला थंड समजून जादा पेट्रोल घेत राहतं. पी०१२८ हा कोड याचाच. थर्मोस्टॅट काढून टाकतो म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी ठेवू नका, नवा बसवायचा असतो. दुसरा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा: उणे किंवा अधिक १० टक्क्यांच्या बाहेर असेल तर ऑक्सिजन सेन्सर, हवेची गळती किंवा इंजेक्टर यांतलं काहीतरी आहे. इंजेक्टर साफ करायचं बिल इथे, हा आकडा बघून झाल्यावर काढायचं.