टायरची अदलाबदल: जॅक सरकला तेव्हा
पुढची-मागची चाकं आपसात बदलायला गाडी उचलत होतो, आणि पहिल्याच उचलीत जॅक फरशीवरून बोटभर सरकला. तसाच हळूच खाली घेतला. उतार डोळ्यांना दिसतच नव्हता!

मग गाडी सपाट काँक्रीटवर घेतली. हँडब्रेक, पहिला गिअर, उचलायच्या चाकाच्या कर्णावरच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले. अधांतरी जोर लावला की गाडी हलते. जॅक दाराखालच्या पत्र्याच्या दोन खाचांमध्ये, आणि लगेच भक्कम जागी गाडीचा भार पेलणारा स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालू नका, अगदी कळकळीने सांगतो.

स्टेपनी पूर्ण मापाची, काढलेल्या चाकाच्या जागी तात्पुरती तीच लावता आली, त्यामुळे एका वेळी एकच चाक उचललं. नट समोरासमोरचे आवळले, शेवटचा जोर चाक टेकल्यावर. 80 किलोमीटरनंतर तपासलं, तर एक नट आणखी पाव फेरा आवळला गेला.