बोटीवर हॉटस्पॉट: अँटेना उंच, केबल आखूड

कोकणच्या हर्णै-जयगड पट्ट्यात बोटीवर नेट हवं, तर केबिनमध्ये मोबाइलचा हॉटस्पॉट लावून भागत नाही. बाहेरचा अँटेना जोडता येईल असा सिमवाला फोर-जी राउटर घ्या. अँटेना सर्व दिशांचा हवा. बोट नांगरावरही फिरते, एका दिशेचा टॉवरकडे पाठ करून बसेल. तो टपावर उंच लावा, पण राउटर लगेच खाली. लांब केबल सिग्नल खाते. जोडांवर रबरी सीलिंग टेप ताणून गुंडाळा, नाहीतर खारी हवा तांबं हिरवं करून सोडते. बॅटरी २४ व्होल्टची आणि राउटर १२चा असेल तर मध्ये कन्व्हर्टर घालाच. कुठलं सिम चालतं ते दुकानदाराला नको, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला विचारा. खोल समुद्रात नेट जाणारच. तिथे व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, आणि संकटात हाक देण्याचं चॅनेल १६.