मराठी पानाचं ग्रिड: आधी ओळ, मग रकाने

ग्रिडबद्दल, म्हणजे पानावर मजकूर आणि चित्रं बसवण्यासाठी आखलेल्या रेषांच्या जाळीबद्दल, कुणालाही विचारा, उत्तर रकान्यांपासूनच सुरू होतं: तीन घ्या, सहा घ्या, बारा घ्या. मराठी मजकुरासाठी हा सल्ला उलटा आहे. आधी ओळीची उंची ठरवा, मग पानाची उभी विभागणी करा आणि रकाने शेवटी आखा. खालची मापं दिवाळी अंकाच्या ए-४ पानासाठी, १२ पॉइंटांचा (पॉइंट हे छपाईतलं माप) मजकूर धरून दिली आहेत.

पानं जुळवायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन ओळींमधलं अंतर आपोआप १२० टक्के ठेवतं, म्हणजे १२ ला १४.४ पॉइंट. रोमन अक्षरांना तेवढं पुरतं. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतो. वरच्या ओळीत ‘समूह’, ‘कर्तृत्व’ आणि बरोबर त्याखाली ‘सर्वांनी’, ‘कार्यकर्ते’ टाइप करून बघा. चिन्हं एकमेकांना भिडली तर अंतर वाढवा. मी १२ ला १८ घेतो आणि पानं वाचवण्यासाठी ते कमी करत नाही. पानं वाचवायची असतील तर मजकूर कापा.

आता पानावर ३९ ओळी ठेवा: ३९ गुणिले १८ म्हणजे ७०२ पॉइंट, साधारण २४८ मिमी. उरलेले ४९ मिमी वर २० आणि खाली २९ असे वाटा. ३९ च का? एक मिळवला की ४० होतात, आणि ४० ला ४, ५, ८ ने भाग जातो. पाच आडवे पट्टे करा: प्रत्येकी सात ओळी, मध्ये एक रिकामी. शेवटच्या पट्ट्याखाली रिकामी ओळ लागत नाही, म्हणून ४० ऐवजी ३९.

खरी अडचण इथून पुढे आहे. मलाही हा टप्पा बरीच वर्षं छळत होता. सॉफ्टवेअरची बेसलाइन, म्हणजे ओळ ज्या रेषेवर बसते ती, अक्षराच्या पायाला असते, पण मराठी वाचणाऱ्याची नजर शिरोरेषेवर चालते. चित्राची वरची कड मजकुराच्या चौकटीच्या कडेला लावली, तर ती शेजारच्या ओळीच्या शिरोरेषेपेक्षा वर जाते आणि चित्र उडाल्यासारखं दिसतं. इंग्रजी पुस्तकांतला ‘कॅपिटल अक्षराच्या डोक्याला लावा’ हा नियम इथे उपयोगाचा नाही. पान मोठं करून शिरोरेषा पायापासून किती वर आहे ते मोजा. प्रत्येक फॉन्टमध्ये हे माप वेगळं असतं, त्यामुळे फॉन्ट बदलला की पुन्हा मोजा. ते ८ पॉइंट भरलं, तर सात ओळींच्या चित्राची उंची सहा गुणिले १८ अधिक ८, म्हणजे ११६ पॉइंट, १२६ नाही. वरची कड पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला, खालची कड सातव्या ओळीच्या पायाला. उकार त्याखाली लोंबू द्या.

चौकटीतली पहिली ओळ किती खाली बसेल ते ठरवणाऱ्या ‘फर्स्ट बेसलाइन’ सेटिंगमध्ये ‘असेंट’ (फॉन्टची वरची उंची) ठेवू नका, ‘लीडिंग’ (ओळींमधलं अंतर) करा. नाहीतर फॉन्टची उंची बदलली की पहिली ओळ आपोआप ग्रिडचं एक घर, म्हणजे एक ओळ, खाली सरकू शकते. आणि १८ पॉइंटांच्या बेसलाइन ग्रिडला बांधलेल्या परिच्छेदाचं अंतर १८ वरून चुकून १८.५ झालं, तर प्रत्येक ओळ एक घर सोडून बसते. तेव्हा लोक ग्रिडच बंद करून टाकतात. कृपा करून तसं करू नका, आकडा दुरुस्त करा.

शीर्षक २४ ला ३६. बाजूच्या चौकटीतला मजकूर १० ला १५ घ्या. त्याच्या सहा ओळी मुख्य मजकुराच्या पाच ओळींएवढ्या होतात, तेवढी जुळणी पुरे. लहान अक्षरं जबरदस्तीने १८ वर ताणू नका, ओळी विस्कटलेल्या दिसतात.

रकाने सहा: प्रत्येकी २४ मिमी, मध्ये ५ मिमी, आतला समास २२, बाहेरचा १९. कथा-लेखांना तीन-तीन जोडून ८२ मिमीचे दोन रकाने द्या. दोन-दोन जोडले की ५३ मिमीचे तीन होतात. त्यात मजकूर दोन्हीकडून ताणून बसवू नका, डावीकडे लावा. ‘कार्यकर्त्यांसाठीसुद्धा’ असा एखादा शब्द आला की उरलेल्या ओळीत भगदाडं पडतात.

हे सगळं मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांना लागू होणाऱ्या मूळ पानावर ठेवा (इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांत त्याला ‘पॅरेंट पेज’ म्हणतात). मग दोन पानं खऱ्या आकारात पाठपोट छापा आणि उजेडाकडे धरा. मागच्या पानाच्या ओळी पुढच्या ओळींच्या बरोबर मागे दिसायला हव्यात. एखादी चौकट सुटलेली दिसली, तर तिची ‘फर्स्ट बेसलाइन’ सगळ्यात आधी तपासा.