शंभर हातांनी लाकडी सांगाडा उभा करताना

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या राज्यांतील आमिश या जुन्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातील शेतकऱ्यांपैकी कोणाचे कोठार जळाले, की पंचक्रोशीतील माणसे जमतात आणि बहुधा एकाच दिवसात नव्या कोठाराचा सांगाडा उभा करतात. पॅरिसमध्ये नोत्र दाम कॅथेड्रलचे छत जळाल्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये सुतारांच्या एका स्वयंसेवी गटाने त्याच छतातील एका ओकच्या कैचीची, म्हणजे छत तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटीची, प्रतिकृती हाताने तासून तयार केली आणि कॅथेड्रलसमोरच्या चौकात दोर व हातांच्या बळावर उभी केली. ही दोन्ही कामे पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो तो उचलण्याचा क्षण, कारण तो दिसायला भव्य असतो. ज्याला असे काम स्वतः अंगावर घ्यायचे आहे त्याने मात्र आपले बहुतेक लक्ष त्या क्षणाच्या आधीच्या आठवड्यांकडे द्यावे. जमलेल्या माणसांचा उत्साह कितीही मोठा असला, तरी आधी न ठरवलेली गोष्ट ऐन वेळी त्यातून निघत नाही.

पुढील मार्गदर्शन उत्तर अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीचे आहे. तिच्यात इमारतीच्या रुंदीतील खांब, तुळई आणि तिरके टेके जमिनीवर आडवे ठेवून जोडतात, आणि अशी एकेक पूर्ण चौकट माणसे उचलून उभी करतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचा सागवानी सांगाडाही खांब, तुळई आणि वासे यांचाच असल्याने मराठी वाचकाला यातील भाग अनोळखी वाटणार नाहीत. इमारतीचा आराखडा मात्र लाकडी बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा आणि स्थानिक परवानग्या हाती आल्यावाचून माणसांना तारीख कळवू नये.

उचलण्याआधीचे काम

सर्व सांधे उचलण्याच्या दिवसापूर्वी कापून तयार असले पाहिजेत. एका लाकडाच्या टोकाला काढलेले कुसू दुसऱ्या लाकडातील खाचेत बसते आणि दोहोंतून आरपार लाकडी खुंटी ठोकली की सांधा पक्का होतो, एवढ्यावर हा सगळा सांगाडा उभा असतो. खुंटीचे भोक दोन्ही लाकडांत नेमके एकाच रेषेत पाडू नये. कुसवातील भोक खाचेच्या भोकापेक्षा दोन ते तीन मिलिमीटर खांद्याच्या, म्हणजे कुसवाच्या मुळाशी असलेल्या रुंद कडेच्या, बाजूला सरकवून पाडावे, म्हणजे खुंटी आत शिरताना कुसवाला खेचून घेते आणि सांध्यात फट राहत नाही. खुंट्या सरळ रेषांच्या, वाळलेल्या, चिवट लाकडाच्या असाव्यात आणि त्या करवतीने न कापता लाकडाच्या रेषेवर फोडून काढलेल्या असाव्यात. करवतीने कापलेल्या खुंटीत रेषा तिरकी निघून जाते आणि अशी खुंटी ठोकतानाच मोडते. एका मोठ्या सांगाड्याला शेकडो खुंट्या लागतात. स्वयंसेवकांपैकी ज्यांना सुतारकाम येत नाही त्यांना हे काम लवकर शिकवता येते, आणि स्वतः केलेल्या खुंट्या इमारतीत जाताना पाहणे त्यांना मनापासून आवडते.

प्रत्येक सांधा एकदा जोडून पाहावा आणि जुळल्यावर दोन्ही लाकडांवर पटाशीने एकच खूण कोरावी. युरोपातील जुने सुतार रोमन अंकांसारख्या सरळ रेघा कोरत असत, कारण पटाशीने वळणदार आकडा काढणे कठीण असते. रंगाने किंवा खडूने केलेली खूण पावसात पुसली जाते, म्हणून कोरलेली खूणच बरी. उचलण्याच्या दिवशी एक लाकूड चुकीच्या जागी गेले तर माणसे ताटकळतात, आणि ताटकळलेली माणसे एकाग्र राहत नाहीत.

माणसे किती लागतील

हा हिशोब अंदाजाने करू नये. समजा चौकट नऊ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच आहे, तिच्यात वीस सेंटिमीटर जाडीचे तीन खांब, वर एक जाड तुळई आणि तिरके टेके आहेत. अशा चौकटीत साधारण एक घनमीटर लाकूड जाते. ओले ओक असेल तर तिचे वजन एक टनाच्या जवळ जाते, आणि ओले पांढरे पाइन असेल तर सुमारे सहाशे किलो भरते. चौकटीचे पाय जमिनीवर टेकलेले असल्याने सगळा भार माणसांवर येत नाही. पण जाड तुळई वरच्या टोकाला असल्यामुळे गुरुत्वमध्य बराच वर असतो आणि तुळईपाशी उचलणाऱ्यांच्या वाट्याला तीन चतुर्थांश वजन येते. माणशी पंचवीस किलो धरले तर पाइनच्या चौकटीला अठरा आणि ओकच्या चौकटीला तीस माणसे लागतात. नऊ मीटर तुळईला एका बाजूने खांद्याला खांदा लावून जेमतेम अठरा माणसे उभी राहू शकतात, म्हणजे ओकची चौकट उचलायची तर तुळईच्या दोन्ही बाजूंनी आणि खांबांवरही माणसे लावावी लागतात. माझे मत असे आहे, की माणशी भार पंचवीस किलोच्या वर जात असेल तर क्रेन मागवावी. क्रेनने उचललेल्या इमारतीतही माणसांना करण्यासारखे भरपूर काम उरते, आणि पाठ दुखावून घरी गेलेला स्वयंसेवक पुन्हा येत नाही.

याशिवाय पाय धरणारे, दोर धरणारे, टेकू लावणारे आणि निरोप नेणारे असे निदान दहा-पंधरा जण वेगळे हवेत. पाच-सहा नवख्या माणसांमागे हे काम पूर्वी केलेला एक तरी माणूस असावा. याचे एक उदाहरण आज युक्रेनमध्ये असलेल्या ग्वोझ्दिएत्स येथील सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे, आहे. ते दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. पोलंडमधील सानोक येथे २०११ मध्ये त्याच्या लाकडी छताची प्रतिकृती घडवताना मुरलेले सुतार आणि विद्यार्थी एकत्र राबले, आणि ते छत आज वॉर्सातील पोलिन संग्रहालयात आहे. अशा सरमिसळीमुळे काम थोडे सावकाश होते, पण शिकणारा माणूस योग्य हाताशेजारी उभा राहतो, म्हणून ती मला फार मोलाची वाटते.

आवाज एकाचाच

उचलण्याचा हुकूम देणारा मुकादम एकच असावा आणि त्याने स्वतः लाकडाला हात लावू नये. सगळी चौकट, दोर आणि पाय एका नजरेत दिसतील अशा जागी त्याने उभे राहावे. हुकूम थोडे आणि आखूड असावेत: ‘सज्ज’, ‘उचला’, ‘ठेवा’. ‘थांबा’ हा शब्द मात्र कोणालाही, अगदी सर्वांत लहान स्वयंसेवकालाही, उच्चारण्याचा अधिकार आहे, आणि तो ऐकताच सगळ्यांनी आहे त्या जागी भार धरून उभे राहावे, हे सकाळी सर्वांसमोर सांगावे. बाकी वेळी बोलणे बंद ठेवावे. एकमेकांना धीर देण्यासाठी केलेला आरडाओरडादेखील घातक ठरतो, कारण त्यात हुकूम ऐकू येत नाही.

सकाळच्या या बैठकीत प्रत्येकाची जागा नावानिशी ठरवावी, हेल्मेट आणि बंद बूट तपासावेत, प्रथमोपचार करणारी व्यक्ती सर्वांना दाखवून द्यावी. पाहायला आलेल्यांसाठी दोरी बांधून सीमा आखावी. ती चौकटीच्या उंचीच्या निदान दीडपट अंतरावर असावी आणि मुलांकडे लक्ष देण्यासाठी एका मोठ्या माणसाला नेमावे. वारा जोराचा असेल तर दिवस पुढे ढकलावा.

पहिली चौकट

चौकट तिच्या जागेजवळ, पाय आपापल्या खाचांपाशी येतील अशी आडवी जोडून ठेवावी. पायांच्या पुढे, म्हणजे ज्या दिशेने चौकट ढकलली जाणार आहे त्या बाजूला, तळच्या लाकडावर जाड ठोकळे पक्के ठोकावेत. वर जोर लागताच पाय पुढे निसटू पाहतात आणि त्यांना अडवणारे दुसरे काहीही नसते. प्रत्येक पायापाशी पहार घेतलेले दोघे उभे करावेत. उभे राहिल्यावर लावायच्या तात्पुरत्या तिरक्या फळ्या खांबांच्या वरच्या टोकाला एकेका बोल्टने आधीच अडकवून ठेवाव्यात. चौकटीबरोबर त्या आपोआप वर जातात आणि नंतर फक्त खालचे टोक ठोकायचे उरते. शिडीवर चढून वरचे टोक ठोकण्यात जो वेळ जातो, त्या वेळात चौकट केवळ माणसांच्या हातांवर उभी असते, म्हणून ही तजवीज टाळू नये.

पहिली उचल गुडघ्यापर्यंतचीच करावी आणि चौकट ठोकळ्यांवर टेकवावी. यातून भाराचा अंदाज येतो, हुकूम कसा ऐकू येतो हे कळते आणि एखादा सांधा कुरकुरत असेल तर तो दिसतो. मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत उचलावे. प्रत्येक टप्प्याला त्या उंचीच्या लाकडी घोड्या खाली सरकवणारी माणसे वेगळी नेमावीत.

खांद्याच्या वर हात पोहोचेनासे होतात, तो सगळ्या कामातील सर्वांत अवघड टप्पा आहे. साडेतीन मीटर उंचीची चौकट साधारण तेहतीस अंशांपर्यंत वर आली की तिची तुळई माणसाच्या हाताबाहेर जाते. त्या क्षणी, चौकटीला काटकोनात जोर लावला असे धरले तर, भार सुरुवातीपेक्षा केवळ एक षष्ठांश कमी झालेला असतो. तो निम्म्यावर येतो साठ अंशांना. म्हणजे मधल्या अंतरात भार अजून जड असतो, आणि माणसे मागे सरून खांबांचा खालचा भाग ढकलू लागली तर उलट जास्त जोर लागतो. म्हणून टोकाला लोखंडी अणी बसवलेले चार-पाच मीटर लांबीचे बांबू किंवा वासे आधीच तयार ठेवावेत. चौकट खांद्यावर असतानाच निम्म्या माणसांनी ते उचलून तुळईत रोवावेत आणि पकड बसल्याची खात्री झाल्यावरच उरलेल्यांनी हात सोडावेत. ही बदली निदान एकदा कोरडी, म्हणजे चौकट न उचलता, करून पाहावी.

साठ अंशांनंतर काम हलके वाटू लागते आणि नेमकी तिथेच माणसे सैल होतात. उभी होत आलेली चौकट पलीकडे पडू नये म्हणून तुळईच्या दोन्ही टोकांना मागे ओढणारे दोर आधीच बांधलेले असावेत. हे दोर हातात धरू नयेत. झाडाच्या बुंध्याला किंवा जमिनीत पक्क्या रोवलेल्या खुंटाला त्यांचे दोन-तीन वेढे द्यावेत, म्हणजे दोन माणसेही सगळा भार आवरू शकतात. पाय खाचेत बसल्याचा ठक्क असा आवाज येतो. ओळंबा लावून खांब सरळ आहेत याची खात्री करावी, तिरक्या फळ्यांची खालची टोके दोन्ही दिशांनी ठोकावीत, आणि मुकादमाने स्पष्ट सांगेपर्यंत कोणीही आपली जागा सोडू नये.

पुढच्या चौकटी

दुसरी चौकट उचलणे तितकेच जड असते, पण तिला पहिलीशी जोडणे हे हलक्या हाताचे काम आहे. दोन चौकटींमधल्या आडव्या जोडतुळयांच्या दोन्ही टोकांना कुसवे असतात. त्यांची एक टोके पहिल्या चौकटीच्या खाचांत बसवून दुसरी टोके टेकूंवर तोलून धरावीत. दुसरी चौकट पूर्ण उभी करू नये, काही सेंटिमीटर बाहेर झुकलेली ठेवावी आणि शिडीवरील माणसांनी प्रत्येक कुसू आपल्या खाचेसमोर आणले, की ती हळूहळू आत घ्यावी. सगळी कुसवे एकाच वेळी शिरली पाहिजेत. एक अडले तर मोठ्या लाकडी मोगरीने खांबाला ठोके द्यावेत, किंवा रॅचेटच्या पट्ट्याने दोन्ही चौकटी एकमेकींकडे ओढाव्यात. कुसू दिशेला आणण्यासाठी बोटे कधीही सांध्यात घालू नयेत, काठी वापरावी. कुसवांचे खांदे घट्ट टेकल्यावरच खुंट्या ठोकाव्यात.

भिंतींच्या माथ्यावरची लांब लाकडे, वासे आणि आढे चढवण्याला वेळ लागतो, पण पद्धत साधी आहे: कप्पी, दोर, आणि वर कमरपट्टा बांधलेली मोजकी अनुभवी माणसे. या वेळी खाली उभे राहायला मनाई असावी. दुपारचे जेवण याआधीच द्यावे, कारण थकलेल्या आणि भुकेल्या माणसाने उंचावर चढू नये. शेवटचा वासा बसला की माथ्यावर हिरवी फांदी खिळण्याची प्रथा युरोपातून अमेरिकेत आली आहे, आणि ज्यांनी दिवसभर जमिनीवरून भार उचलला त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हातून ती फांदी वर पाठवावी असे मला वाटते.

लोक पांगल्यावर मुकादमाने आणि एका सुताराने सांगाड्याची फेरी मारावी. प्रत्येक सांध्यात खुंटी आहे का हे खुणांच्या यादीशी ताडून पाहावे, ओळंबा पुन्हा लावावा, आणि कर्णांची मापे जुळतात का ते मोजावे. खुंट्यांची पुढे आलेली टोके लगेच कापू नयेत. ओले लाकूड वाळताना आक्रसते आणि तेव्हा एखादी खुंटी आणखी ठोकण्याची गरज पडू शकते. तात्पुरत्या तिरक्या फळ्या भिंती आणि छताच्या फळ्या बसेपर्यंत राहू द्याव्यात, आणि काढताना एका वेळी एकच काढून खांब जागचा हलत नाही हे पाहावे.