मुलींच्या वसतिगृहात नोकरी धरताय? आधी रमाबाईंचं काम पाहा

सोलापुरात वसतिगृह-अधीक्षिका म्हणून रुजू होणाऱ्या मुली भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावं लागेल का? केलेलं बरं. बालन्याय कायदा आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, नीट वाचून ठेवा, चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ नंबर प्रत्येक मुलीला पाठ करायला लावा. एवढी तयारी कोणीही सांगेल. पण परक्या घरची लेकरं सांभाळायची म्हणजे काय, हे मला विधवा आणि निराधार मुली-बायकांसाठी झटलेल्या पंडिता रमाबाईंच्या कामातून उमगलं आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकीने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

१८७०च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण उपासमारीने गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन हा आश्रम उभा राहिला. आपल्या जिल्ह्यालाही त्या दुष्काळाने सोडलं नव्हतं. आजही सोलापुरात ऊसतोडीला आई-बाप गेले म्हणून, विडी वळणाऱ्या आईचं एकटीच्या कमाईत भागत नाही म्हणून मुली आपल्याकडे येतात. कोणी घरी तेलुगू बोलते, कोणी कन्नड. नवीन आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात घरची चौकशी करून भंडावून सोडू नका. फॉर्मपुरती माहिती घ्या, तिच्या भाषेतली एखादी मोठी मुलगी सोबतीला द्या आणि ती पोटभर जेवते का एवढं बघा.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्याआधीच्या शारदा सदनाचा, म्हणजे रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या निवासी शाळेचा काळ. ११ मार्च १८८९ ला मुंबईत ते सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तरी सदनात ब्राह्मण विधवांना आपले आचार, सोवळं पाळायची मुभा होती. त्यांची स्वतःची प्रार्थना मात्र उघड्या दाराने चाले. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या आणि गावात काहूर उठलं. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर या सुधारकांसारखे सदनाचे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी श्रद्धाही लपवली नाही आणि कामही सोडलं नाही. त्यांची निष्ठा मला पूर्ण पटते, पालकांची धास्तीही कळते. म्हणून मी सांगते, संस्था कोणत्याही धर्माची असो, प्रार्थना, उपास, सण, जेवण यांचे नियम प्रवेशाच्या दिवशीच आई-वडिलांना त्यांच्या भाषेत सांगा आणि मुलीवर कशाचीही सक्ती करू नका.

याच सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे बालविधवा गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढे पुण्याजवळ हिंगण्याला कर्व्यांनी विधवांसाठी जे काम उभं केलं, त्यात गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले हिने आयुष्य घातलं. वारसा म्हणायचा तो हा! नाव कोणाचं का राहीना, एका घरातून दुसरं घर उभं राहिलं.

मुक्ती सदनात बायका विणकाम, शिवण, शेती शिकत, छापखानाही चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. दहावीनंतर मुलगी परत घरी जाऊन लग्नाची वाट बघत बसणार असेल तर आपण तिला फक्त जेवू घातलं असं होतं. म्हणून आठवीपासूनच शिवण, संगणक, नर्सिंगचे कोर्स, आयटीआय यांची माहिती मुलींसमोर येऊ द्या. बँकेचं खातं तिच्या नावाने उघडा आणि स्लिप तिलाच भरायला लावा.

पगार फारसा नसतो, रात्री-अपरात्री उठावं लागतं, सुट्टी हक्काची वाटत नाही. रुजू होण्याआधी राहण्याची खोली, साप्ताहिक सुट्टी आणि रात्रपाळीला दुसरी बाई आहे का, हे लेखी घ्या. आणि जमलं तर पुण्याच्या गाडीने दौंडच्या पुढे केडगावला उतरा. पंडिता रमाबाई मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे. आधी विचारून, परवानगी घेऊन जा, मुलींचे फोटो काढू नका. रोजची वेळापत्रकं, आजारी मुलीची सोय, मोठ्या मुलींना काय काम देतात, हे तिथल्या बायकांना विचारा.