गॅस पुरवून वापरायचा तर

पाण्याला एकदा उकळी फुटली की आच कितीही मोठी केली तरी ते 100 अंशांच्या पुढे तापत नाही, नुसतं भराभर आटतं. बटाटे खळाखळा उकळले काय आणि बारीक आचेवर रटरटले काय, वेळ जवळपास तेवढाच. त्यात आटवणं फार महागात पडतं. लिटरभर साधं पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट ते पूर्ण आटवायला लागते. म्हणून उकळीपर्यंत मोठी आच, मग बारीक, आणि वर झाकण. मोठी आचही भांड्याच्या बुडापुरतीच ठेवा. ज्वाळा कडेने वर चढू लागली की भाजीऐवजी भांड्याचा कान तापतो.

भाजीवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घालायची जुनी पद्धत अजूनही उत्तम. आतली वाफ ताटलीच्या बुडाला लागून पुन्हा भाजीत पडते, त्यामुळे भाजी करपत नाही. भाजीला पाणी कमी पडलं तर ताटलीतलं गरम पाणीच ओतायचं. गार पाणी ओतलं की शिजणं तिथल्या तिथे थांबतं आणि उकळीची सुरुवात पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त गॅस कुकरच्या शिट्ट्यांत जातो. घरगुती कुकरमध्ये पूर्ण दाब आला की आत साधारण 120 अंश तापमान असतं. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर गेली, एवढंच. तिने डाळ शिजत नाही. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि पुढे शिट्ट्या न मोजता घड्याळ बघा. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला 8 ते 10 मिनिटं, रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना 20 ते 25. बारीक आचेवर हलकी फुसफुस ऐकू यायला हवी. ती थांबली तर दाब उतरतोय, आच किंचित वाढवा. मिनिटं भरली की गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्या, कारण त्या दहा मिनिटांतही डाळ शिजत असते. शिट्टी उचलून वाफ सोडणं म्हणजे हे फुकटचं शिजणं घालवणं. वाफ झाकणाच्या कडेने निसटत असेल तर रिंग सैल झाली आहे; ती बदला, नाहीतर गॅस जळत राहील आणि दाब येणारच नाही.

भिजवूनही कडधान्य शिजत नसेल तर दोष बहुधा पाण्याचा किंवा जुन्या मालाचा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातलं कॅल्शियम दाण्याचं साल घट्ट धरून ठेवतं. घरात आरओ असेल तर भिजवायला आणि शिजवायला तेच पाणी घ्या. भिजवताना लिटरभर पाण्यात टेबलस्पूनभर मीठ घातलं तर साल मऊ पडतं (मिठाने कडधान्य शिजत नाही, हा समज खरा नाही). ते पाणी मात्र ओतून द्या. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणा मऊ झाल्यावरच घाला, आंबटाने तो दडदडीत राहतो. चिमूटभर सोड्याने काम लवकर होतं, पण ब जीवनसत्त्व जातं. तो रोजचा उपाय नव्हे.

भात तर निम्मा वेळ गॅसशिवाय होतो. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा आणि निथळून जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या आधणात घाला. पुन्हा उकळी आली की घट्ट झाकण लावून बारीक आचेवर 5 मिनिटं ठेवा. मग गॅस बंद करून पातेलं शेगडीपासून लांब, जुन्या सुती गोधडीत वरून-खालून गुंडाळा. अर्ध्या तासाने भात मोकळा होतो. मध्ये झाकण उघडलं तर तळाशी पाणी राहून वर कणी राहते. एका वाटीच्या भातात हे नीट जमत नाही, थोडा भात लवकर निवतो. सिंथेटिक कापड वापरू नका. आणि राजमा असा मुरवायचा नाही. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला बाधतो, तो कुकरमध्येच शिजवा.

ज्वाळा निळी हवी. पिवळी झाली आणि भांड्यांना काजळी धरू लागली तर बर्नर उतरवून गरम सोड्याच्या पाण्यात भिजवा, भोकं टाचणीने मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. आतल्या पितळी नोझलला सुई लावू नका. भोक जरा जरी मोठं झालं तर गॅस जास्त येतो आणि नीट जळत नाही.

नवा सिलेंडर घेताना वजन करून घ्या: टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन अधिक 14.2 किलो. उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढे तसंच तीन-तीन महिने. ती पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर सिलेंडर परत करा.

किती गॅस उरला ते बघायला टाकी ओल्या फडक्याने उभी पुसा. द्रव गॅस असलेला खालचा भाग ओला राहतो, वरचा आधी वाळतो. शेवटी ज्वाळा मंदावली म्हणून टाकी आडवी मात्र करू नका. द्रव गॅस नळीत उतरून शेगडीवर भडका उडतो.