रिंग क्लोजिंग मेटॅथेसिस अर्ध्यावर अडकते? कॅटॅलिस्टची बाटली फेकायच्या आधी या चुका टाळा

आमच्या सांगलीकडच्या कॉलेजांमध्ये एमएस्सी प्रोजेक्टला कुणी रिंग क्लोजिंग मेटॅथेसिस (आरसीएम, म्हणजे एकाच रेणूतले दोन डबल बॉण्ड जुळवून रिंग करणं) लावली आणि टीएलसीवर (रेणू वेगळे करून दाखवणाऱ्या पातळ थराच्या प्लेटवर) स्टार्टिंग मटेरियल तसंच दिसलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, कॅटॅलिस्ट मेलाय." बऱ्याचदा तो बाटलीत चांगलाच असतो हो, फ्लास्कमध्ये आपणच त्याला मारतो. आणि हा कॅटॅलिस्ट रुथेनियम धातूचा, रुथेनियम स्वस्त नाही, म्हणून जीव तुटतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नायट्रोजनचा फुगा. फुगा लावला की पोरं निर्धास्त होतात, पण दोन टोकांचे डबल बॉण्ड जुळून रिंग बंद होताना इथिलीन सुटतं, ते फुग्यामुळे आतच कोंडलं जातं, मग रिअ‍ॅक्शन उलटी फिरायला बघते आणि वर कॅटॅलिस्टचं मिथिलिडीन रूप (रुथेनियमवर नुसता CH2 उरलेलं) तयार होतं, जे सगळ्यात लवकर तुटतं. त्यापेक्षा नायट्रोजन सुईने द्रावणातून हळूहळू बुडबुडत सोडा आणि बाहेर जायला दुसरी सुई ठेवा. फक्त डीसीएम (डायक्लोरोमिथेन, नेहमीचं सॉल्व्हंट) ४० डिग्रीला उकळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बिनएसीच्या लॅबमध्ये पारा तिथंच असतो, त्यामुळे सॉल्व्हंट उडून जातं, लक्ष ठेवून डिगॅस केलेलं (विरघळलेली हवा काढलेलं) डीसीएम वरून घालत राहा नाहीतर सरळ टोल्युइन घ्या.

सॉल्व्हंट वाचवायची सवय इथं नडते. मोठी रिंग करायची असेल तर १ मिलीमोल डाईनला (दोन डबल बॉण्डवाल्या रेणूला) निदान १०० मिली सॉल्व्हंट तरी हवं, म्हणजे ०.०१ मोलर, नाहीतर रेणू स्वतःशी जुळायच्या ऐवजी शेजाऱ्याशी जुळून छोट्या साखळ्या, म्हणजे ऑलिगोमर होतात. पाच-सहाच्या रिंगला एवढं लागत नाही.

सबस्ट्रेटमध्ये (ज्याची रिंग करायची त्या रेणूत) मोकळा अमाईन आहे का बघा, तो रुथेनियमला चिकटून बसतो, त्याला झाकायला बॉक गट लावा किंवा अ‍ॅसिडने सॉल्ट करून घ्या. शेंगदाणा तेलापासून केलेला मिथाइल ओलिएट वापरणाऱ्यांनी तर आधी अ‍ॅल्युमिनातून गाळायलाच पाहिजे, जुन्या तेलातले पेरॉक्साइड कॅटॅलिस्ट खाऊन टाकतात. पाण्याचं एवढं भ्या नको, श्रॉकच्या मॉलिब्डेनमवाल्या कॅटॅलिस्टइतका आपला रुथेनियमवाला ग्रब्ज कॅटॅलिस्ट नाजूक नाही, पण द्रावणात ऑक्सिजन मात्र नकोच.

कॅटॅलिस्ट एकदम ओतू नका. १ मिलीमोलला ग्रब्ज सेकंड जनरेशन कॅटॅलिस्टचे २ मोल टक्के म्हणजे साधारण १७ मिलीग्रॅम, ते तीन हप्त्यांत घाला, जो आधी मरेल त्याच्या जागी ताजा येतो.

मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वजन दाखवणाऱ्या तपासणीत) प्रॉडक्टपेक्षा १४ ने कमी पीक दिसला तर डबल बॉण्ड सरकलाय, रिंग एका कार्बनने लहान झालीय. कॅटॅलिस्ट तुटून रुथेनियम हायड्राइड झालं की असं होतं, १० मोल टक्के बेंझोक्विनोन टाकून बघा, बऱ्याचदा थांबतं. गरम जास्त केलं की हा त्रास वाढतो, म्हणून तापमान चढवून रिअ‍ॅक्शन ओढायचा हट्ट मला तरी पटत नाही.

शेवटी, टीएलसी स्वच्छ दिसली म्हणून फ्लास्क तसाच रोटाव्हेपरला (सॉल्व्हंट उडवायच्या मशीनला) लावू नका, जिवंत कॅटॅलिस्ट घट्ट द्रावणात परत रिंगा उघडत बसतो. आधी तो मारायला इथाइल व्हिनाइल इथर टाकून अर्धा तास ढवळा. उरलेल्या रुथेनियममुळे प्रॉडक्ट काळपटच राहिलं तर कॅटॅलिस्टच्या ५० पट मोल डीएमएसओ घालून रात्रभर ढवळत ठेवा, मगच सिलिकाच्या कॉलमवर चढवा.